घरच्या नेटच्या मापाने घडलेला पेशा

वेब डेव्हलपमेंट शिकायचं म्हणून कुणी सल्ला विचारला की मी आधी विचारतो, घरी नेट कसं आहे? कोणती भाषा, कोणतं फ्रेमवर्क (कोडचा तयार सांगाडा) हे सगळं नंतर. हा पेशा सुरुवातीपासून घरच्या जोडणीच्या मापानेच घडत आला आहे, असं माझं ठाम मत आहे.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्रज्ञान सर्वांना विनामूल्य खुलं केलं. त्याच वर्षी आलेल्या मोझॅक ब्राउझरमध्ये मजकुराच्या मधेच चित्रं दिसू लागली आणि सामान्य माणसाला वेबची ओढ लागली. घरी मात्र होता डायल-अप मोडेम, म्हणजे टेलिफोनच्या लाइनवरून नंबर फिरवून नेटला जोडणारं यंत्र. २८.८ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) म्हणजे सेकंदाला जेमतेम साडेतीन किलोबाइट. शंभर किलोबाइटचा एक फोटो उघडायला अर्धा मिनिट लागायचा, तोही वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी. घरात कुणी रिसीव्हर उचलला की लाइन तुटलीच.

त्या काळच्या वेब डेव्हलपरचं निम्मं कसब अंथरूण पाहून पाय पसरण्यात होतं. जिफ प्रकारच्या चित्रांतले रंग कमी करायचे, आधी धूसर आणि मग स्पष्ट होत जाणारी जेपेग प्रकारची चित्रं वापरायची, एकच चित्र सगळ्या पानांवर पुन्हा वापरायचं. ज्यांनी तेव्हा काम केलं, त्यांना प्रत्येक किलोबाइटचा हिशेब आजही आपसूक सुचतो.

शिकण्याची सोय मात्र तेव्हा फार मोठी होती. कोणतंही पान उघडा, ‘व्ह्यू सोर्स’ म्हणा, अख्खी एचटीएमएल, म्हणजे पान ज्या भाषेत लिहिलेलं असतं ती, समोर. पान सेव्ह करायचं, मोडेम बंद करून फोनची लाइन मोकळी करायची आणि मग निवांत वाचत बसायचं: हा तक्ता कुठे सुरू झाला, पानाला हलतं करणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेतली ही ओळ काय करते. पदवी नसलेले कितीतरी जण याच वाटेने या पेशात आले. दहा मिनिटांच्या जोडणीत आठवडाभराचा अभ्यास मिळत होता.

नंतर एडीएसएल ही सतत चालू राहणारी वेगवान जोडणी आली. टेलिफोनच्या त्याच तांब्याच्या तारेवर आवाज खालच्या कंप्रतांवर आणि डेटा वरच्या कंप्रतांवर, त्यामुळे फोन आणि नेट एकाच वेळी चालू लागले. पण नावातल्या ‘ए’चा अर्थच असमान: उतरवण्याचा वेग जास्त, चढवण्याचा कमी. १९९८ च्या व्ही.९० मोडेममध्येही येताना ५६ केबीपीएसपर्यंत, जाताना ३३.६ पर्यंतच अशी विभागणी होती. त्यात घरचा आयपी पत्ता (नेटवर संगणक ओळखण्याचा क्रमांक) बहुधा बदलता, म्हणून घरच्या संगणकावर स्वतःची साइट चालवणं जिकिरीचं. घर हे घेण्याचं ठिकाण आणि देणारे दुसरीकडे, ही वाटणी तारेतच झाली होती. मला ती कायम खटकत आली आहे.

सतत चालू राहणाऱ्या जोडणीने कामाचं स्वरूपही बदललं. पान पुन्हा न उघडता सर्व्हरकडून (साइट जिथे ठेवलेली असते त्या संगणकाकडून) माहिती आणण्याचं तंत्र इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये १९९९ पासूनच होतं. २००४ मध्ये जीमेल आणि २००५ मध्ये गूगल मॅप्स आलं, तेव्हा त्याची ताकद सगळ्यांना दिसली. फ्रंट-एंड (ब्राउझरमध्ये दिसणारा भाग) आणि बॅक-एंड (सर्व्हरवरचा भाग) अशा वेगळ्या नोकऱ्या रुळल्या.

मग २००८ मध्ये कोड ठेवण्याची आणि वाटून घेण्याची साइट गिटहब आणि २०१० मध्ये जावास्क्रिप्टचा तयार कोड (पॅकेजं) उतरवून देणारं एनपीएम आलं. आज रिकामा प्रकल्प सुरू करायचा म्हटलं तरी बऱ्याचदा शेकडो पॅकेजं आधी उतरतात. मोठ्या साइटचा सोर्स उघडावा तर सगळा कोड आकसून एका लांबलचक ओळीत आलेला. शिकवण्याही व्हिडिओवर गेल्या. डायल-अपच्या काळात जवळपास सगळ्यांचंच नेट संथ होतं आणि साधनंही त्याच बेताची होती. आता साधनं वेगवान जोडणी गृहीत धरतात आणि ती नसलेला एकटा मागे राहतो.

२०२० च्या टाळेबंदीत हे उघडं पडलं. मुलाखत व्हिडिओवर, स्क्रीन शेअर करून, बोलत बोलत कोड लिहायचा. इथे गरज चढवण्याच्या वेगाची, आणि तोच घरी कमी. उमेदवाराचा आवाज तुटतो, उत्तर उशिरा पोहोचतं आणि समोरच्याला वाटतं, हा अडखळतोय. मुलाखत घेणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो, अशा वेळी कॅमेरा बंद करायला सांगा, लेखी काम द्या.

फिनलंडने १ जुलै २०१० पासून १ एमबीपीएसची (सेकंदाला एक मेगाबिट) जोडणी हा नागरिकांचा कायदेशीर हक्क केला. तरी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या अंदाजाप्रमाणे २०२३ मध्ये जगातले २६० कोटी लोक नेटबाहेरच होते. फायबरमुळे वाटणी थोडी बदलते आहे. सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीपॉन या फायबर तंत्रात येताना सेकंदाला सुमारे २.५ आणि जाताना १.२५ गिगाबिट अशी असमानता अजून आहे, पण एक्सजीएस-पॉन या नव्या तंत्रात दोन्ही दिशांना १० गिगाबिट मिळतात, अर्थात ते पुढे अनेक घरांत वाटले जातात. तोवर संथ नेटवर शिकणाऱ्यांना मी साधं एचटीएमएल, पानाचं रंगरूप ठरवणारी सीएसएस आणि जावास्क्रिप्टपासूनच सुरुवात करायला सांगतो. त्याला एक एडिटर आणि ब्राउझर पुरतो, आणि संदर्भाची पानं एकदा उतरवून घेतली की नेट बंद असतानाही वाचता येतात.