औरंगाबाद ते मित घम्र: बिनव्याजी अर्थव्यवहाराच्या अभ्यासाचा मागोवा

इस्लामी अर्थशास्त्र ही विद्याशाखा कुठे जन्मली असे विचारले, तर बहुतेक जण मक्का, कैरो नाहीतर दुबईचे नाव घेतील. माग काढत गेले तर वाट दख्खनकडे येते. व्याजाला मनाई फार जुनी, कुराणाइतकी जुनी. पण त्या मनाईवर अर्थशास्त्राची एक स्वतंत्र शाखा उभी करायची, ही कल्पना विसाव्या शतकातली आणि ब्रिटिश अमलाच्या अखेरच्या काळातल्या हिंदुस्थानातली आहे, असे अर्थतज्ज्ञ तिमुर कुरान यांनी मांडले आहे. ही संज्ञा रुजवणाऱ्यांत ते जमाते इस्लामीचे संस्थापक अबुल आला मौदुदी यांचे नाव ठळकपणे घेतात. मौदुदी १९०३ साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जन्मले. त्यांचे राजकारण अनेकांना पटत नाही. मलाही पटत नाही. तरीही माणसाचा आर्थिक प्रश्न आणि त्यावरचे इस्लामी उत्तर या विषयावर त्यांनी १९४१ मध्ये अलीगढला जे व्याख्यान दिले, ते या अभ्यासाच्या आरंभबिंदूंपैकी एक आहे.

हैदराबाद संस्थानाचा यात वाटा मोठा आहे, आणि मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. त्यासाठी आधी एक भाषांतर विभाग उघडला गेला आणि युरोपातली पाठ्यपुस्तके उर्दूत आणण्याचे काम सुरू झाले. मला वाटते, खरी ठिणगी इथे पडली असावी. इंग्रजीत व्याज हा नुसता पारिभाषिक शब्द. तो उर्दूत 'सूद' झाला की वर्गात बसलेल्या मुलाच्या मनात मशिदीतले प्रवचन जागे होते. मग हे जे शास्त्र आपण शिकतो आहोत त्याचा पायाच निषिद्ध आहे का, हा प्रश्न टाळता येत नाही. उस्मानियातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक अन्वर इक्बाल कुरेशी यांचा व्याजाच्या सिद्धांतावरचा इंग्रजी ग्रंथ १९४६ मध्ये आला. तिथलेच विद्वान मुहम्मद हमीदुल्लाह यांनी बिनव्याजी पतसंस्थांवर लिहिले. हैदराबादेत अशा संस्था प्रत्यक्ष चालत होत्या, त्यामुळे हा विषय त्यांना पुस्तकात शोधावा लागला नाही.

शेतकऱ्याच्या मानेवर बसलेला कर्जाचा बोजा हे त्या काळच्या दख्खनचे उघडे दुखणे होते. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतेपत्रे जाळली, ही आठवण अजून पुसलेली नाही. आपल्याकडच्या जुन्या हिंदू व्यवहारशास्त्रात दामदुपटीचा नियम होता: एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये. म्हणजे व्याजाला कुठेतरी बांध घातला पाहिजे, ही जाणीव एका धर्माची मक्तेदारी नव्हती. इस्लामी अर्थशास्त्रज्ञ त्याच्या पुढे गेले. बांध घालून भागणार नाही, व्याज मुळातूनच काढा, असे ते म्हणाले. त्याच्या जागी काय ठेवायचे, याचे उत्तर शोधण्यात या शास्त्राची पुढची सगळी वर्षे गेली आहेत.

कागदावरचे उत्तर सोपे होते. पैसे देणाऱ्याने धंद्यात भागीदार व्हावे. भांडवल एकाचे आणि मेहनत दुसऱ्याची असेल तर तो व्यवहार मुदारबा. भांडवल दोघांचे असेल तर मुशारका. नफ्याची वाटणी आधी ठरवायची, नफ्याची रक्कम मात्र ठरवायची नाही. आपल्याकडे जमीन अर्धेलीने देतात त्याच जातीचा हा विचार आहे. पीक आले तर दोघांचे, बुडाले तर दोघांचे. गोरखपूरला जन्मलेले आणि अलीगढला शिकवणारे मुहम्मद नजातुल्लाह सिद्दीकी यांनी या कल्पनेतून बँकेचा पूर्ण आराखडा तयार केला. ठेवीदाराने बँकेशी मुदारबा करायचा, बँकेने उद्योजकाशी. जोखीम अशी पायरीपायरीने वाटली जाते. मुंबईत जन्मलेले मुहम्मद उमर छप्रा पुढे सौदी अरेबियाच्या मध्यवर्ती बँकेचे सल्लागार झाले आणि चलनव्यवस्थेच्या अंगाने त्यांनी हाच विचार विस्ताराने मांडला. दोघेही आपल्या उपखंडाचे, आणि दोघांनाही पुढे सौदी अरेबियाचा फैसल पुरस्कार मिळाला.

पुस्तकाबाहेर ही कल्पना पहिल्यांदा जोमाने उभी राहिली ती नाईलच्या खोऱ्यात. मित घम्र हे इजिप्तच्या त्रिभुज प्रदेशातले, कापूस पिकवणाऱ्या भागातले गाव. अहमद अल-नज्जार जर्मनीत शिकले होते. छोट्या गावांतून, छोट्या लोकांच्या ठेवींवर चालणाऱ्या तिथल्या बचत बँका त्यांनी पाहिल्या होत्या. इजिप्तचा शेतकरी बँकेची पायरी चढत नाही याची कारणे त्यांच्या लेखी दोन होती. बँक त्याची नव्हती, आणि व्याज त्याच्या श्रद्धेत बसत नव्हते. १९६३ मध्ये त्यांनी मित घम्रला बचत बँक उघडली. तिच्यात खाती तीन प्रकारची होती. बचत खात्यावर व्याज नाही, पण खातेदाराला अडीनडीला बिनव्याजी छोटे कर्ज मिळण्याचा हक्क. गुंतवणूक खात्यावर नफ्यातला वाटा. तिसरा निधी जकातीचा, म्हणजे मुसलमानाने द्यायच्या धार्मिक दानाचा; त्यातून संकटात सापडलेल्याला मदत व्हायची. बँकेच्या नावात 'इस्लामी' हा शब्द कुठेही नव्हता, कारण अध्यक्ष नासर यांच्या राजवटीत तसा शब्द लावणे म्हणजे संकटाला आमंत्रण होते. चार वर्षांत गावोगावी नऊ शाखा झाल्या आणि ठेवीदारांची संख्या अडीच लाखांच्या घरात गेली. १९६७ मध्ये सरकारी बँकांनी हा प्रयोग गिळला आणि तो संपला.

या प्रयोगाबद्दल वाचताना मला दर वेळी हेच जाणवते की त्याच्या मुळाशी धर्माचा अभिनिवेश नव्हता. गादीखाली किंवा दागिन्यांत अडकलेला गरिबाचा पैसा उत्पादनात कसा आणायचा, हा विकसनशील देशाचा अस्सल प्रश्न तिथे होता.

मित घम्रची बँक उघडली त्याच वर्षी मलेशियात दुसरा प्रयोग सुरू झाला, आणि तो तर थेट एका शोधनिबंधातून आला. अर्थशास्त्रज्ञ उंगकु अझीझ यांनी १९५९ मध्ये सरकारपुढे एक टिपण ठेवले. खेड्यातला मलय माणूस हजला जाण्यासाठी आयुष्यभर पैसे साठवतो, पण ते बँकेत ठेवत नाही, कारण व्याजाच्या पैशाने केलेली यात्रा त्याला शुद्ध वाटत नाही. वेळ येते तेव्हा तो गुरेढोरे विकतो, जमीन विकतो. यात्रेहून परततो तो कफल्लक होऊन. उपाय म्हणून त्यांनी यात्रेकरूंची बचत संस्था सुचवली: ठेवी व्याजाविना घ्यायच्या, शेती आणि उद्योगात गुंतवायच्या आणि नफा वाटायचा. १९६३ मध्ये ती संस्था सुरू झाली. आज ती ताबुंग हाजी या नावाने ओळखली जाते आणि देशातल्या मोठ्या गुंतवणूकदार संस्थांपैकी एक आहे. एका अभ्यासकाने लोकांच्या वागण्याचे कारण नीट पाहिले आणि त्यातून संस्था उभी राहिली, असे फार थोड्या वेळा घडते.

मग तेल आले. १९७३-७४ मध्ये कच्च्या तेलाचे भाव चौपट झाले आणि आखाती देशांच्या हातात अफाट पैसा खेळू लागला. १९७५ मध्ये जेद्दाला इस्लामी विकास बँक उभी राहिली, त्याच वर्षी दुबई इस्लामिक बँक. फेब्रुवारी १९७६ मध्ये मक्केत इस्लामी अर्थशास्त्राची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिच्यासाठी सिद्दीकींनी अरबी, इंग्रजी आणि उर्दू अशा तीन भाषांतल्या सुमारे सातशे लेखनांचा आढावा तयार केला होता. इतके विखुरलेले लेखन एका जागी आल्यावर त्याला शाखेचे रूप आले. लगेच पुढच्या वर्षी जेद्दाच्या राजा अब्दुल अझीझ विद्यापीठात संशोधन केंद्र सुरू झाले, १९८१ मध्ये विकास बँकेची स्वतःची संशोधन संस्था आली, १९८३ मध्ये क्वालालंपूरचे आंतरराष्ट्रीय इस्लामी विद्यापीठ. अभ्यासकांना पगार, नियतकालिके आणि परिषदा मिळाल्या. पण पैसा देणारा बदलला की प्रश्नही हळूहळू बदलतात. खेड्यातल्या कर्जदाराच्या जागी आता आखाती गुंतवणूकदार बसला.

पाकिस्तानात हा विषय देशाच्या पायाशीच बांधला गेला होता. १ जुलै १९४८ ला स्टेट बँकेच्या उद्घाटनात जिनांनी बँकेच्या संशोधन विभागाकडून इस्लामी आदर्शांशी सुसंगत बँकव्यवहार शोधण्याची अपेक्षा बोलून दाखवली होती. झिया-उल-हक यांच्या काळात, १९८० मध्ये, इस्लामी विचार परिषदेने व्याज हटवण्यावर एक सविस्तर अहवाल दिला. अर्थतज्ज्ञ आणि बँकवाले यांनी मिळून तयार केलेला हा अहवाल आजही वाचण्याजोगा आहे. खरेदी किमतीवर ठराविक रक्कम चढवून उधारीने विकण्याची पद्धत सर्रास वापरू नका, त्याने व्याज मागच्या दाराने परत येईल, असा स्पष्ट इशारा त्यात आहे. १९८५ पर्यंत बँकांनी सगळा व्यवहार बिनव्याजी केल्याचे जाहीर केले, पण प्रत्यक्षात वापरली ती नेमकी ही टाळायला सांगितलेली पद्धत. पुढे शरीयत न्यायालयाने १९९१ मध्ये व्याज अवैध ठरवले, सर्वोच्च न्यायालयाच्या अपील खंडपीठाने १९९९ मध्ये तो निकाल उचलून धरला, २००२ मध्ये तो रद्द होऊन खटला पुन्हा मूळ न्यायालयात गेला, आणि २०२२ मध्ये पुन्हा निकाल आला: २०२७ अखेरपर्यंत व्याज संपवा.

ही चढवून विकण्याची पद्धत, म्हणजे मुराबहा, जवळून पाहिल्याशिवाय या शास्त्राची आजची अडचण कळत नाही. समजा, बांगलादेशात सिराजगंजच्या एका विणकराला यंत्रमाग घ्यायचा आहे आणि त्याची किंमत एक लाख टाका (तिथले चलन) आहे. व्याजावर चालणारी बँक त्याला एक लाख देईल आणि वर्षाने एक लाख बारा हजार घेईल. इस्लामी बँक स्वतः माग विकत घेते, मग तोच माग त्याला एक लाख बारा हजारांना बारा हप्त्यांनी विकते. फरक काय? फिक्हचे, म्हणजे इस्लामी धर्मकायद्याचे, अभ्यासक सांगतात की मधल्या काळात माग बँकेच्या मालकीचा असतो; तेव्हा तो जळाला तर नुकसान बँकेचे. शिवाय हप्ता चुकला तर बँकेला रक्कम फुगवता येत नाही, दंड घेतलाच तर तो दानधर्मात जातो. हा फरक खोटा नाही. पण व्यवहारात बँक विणकरालाच आपला खरेदी प्रतिनिधी नेमते. तोच दुकानात जातो, तोच माग पसंत करतो, आणि बँकेची मालकी कागदावर काही क्षण टिकते. मालेगाव-भिवंडीच्या माणसाला हे वाचून आपला हप्तेबंदीचा व्यापारी आठवेल.

बँका खऱ्या भागीदारीत का उतरत नाहीत, यावर विकसनशील देशांतल्या संशोधनाने बरेच काम केले आहे. कारणे ओळखीची आहेत. छोटा धंदेवाला दोन वह्या ठेवतो, एक स्वतःसाठी आणि एक करवाल्यासाठी. बँकेला दुसरी दाखवली की नफा नाहीसा होतो. ज्याला चांगल्या नफ्याची खात्री असते तो वाटेकरी कशाला घेईल? मग भागीदारी मागायला तेच येतात ज्यांना तोट्याची भीती असते. आणि बँकेने ठेवीदाराला मागेल तेव्हा पैसे परत द्यायचे असतात, ते पाच वर्षांच्या भागीदारीत अडकवता येत नाहीत.

दुसरीकडे इतिहासकारांनी भूतकाळ धुंडाळला. तुर्कस्तानातल्या बुर्साच्या कागदपत्रांतून मुरात चिझाकचा यांनी रोख वक्फचा व्यवहार उलगडला. तिथे दानाचा मूळ निधी शहरातल्या लोकांना कर्जाऊ दिला जाई आणि येणाऱ्या मिळकतीवर शाळा व मशिदी चालत. सोळाव्या शतकातच यावर धर्मपंडितांमध्ये कडाक्याचा वाद झाला होता. म्हणजे 'शुद्ध' परंपरेतही तडजोड होती. या जुन्या कल्पनेला ढाक्यात अब्दुल मन्नान यांनी १९९० च्या दशकात रोख वक्फ प्रमाणपत्रांच्या रूपाने नवा जन्म दिला, आणि गरिबांसाठीच्या भांडवलाचा प्रश्न पुन्हा अभ्यासात आला.

भारतात बँकिंग कायद्यात अशा बँकेला जागा नाही, म्हणून इथे प्रयोग पतसंस्था आणि मुस्लिम फंडांच्या रूपात झाले. मुंबईत १९७० च्या दशकात अशी एक मोठी पतसंस्था उभी राहिली होती. २००८ मध्ये रघुराम राजन यांच्या समितीने वित्तीय समावेशनासाठी बिनव्याजी बँकिंगचा विचार करावा असे सुचवले. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरवले. सगळ्या नागरिकांना बँकसेवेच्या समान संधी उपलब्ध आहेत, असे कारण दिले. दरम्यान, हलाल गुंतवणुकीच्या नावाखाली बंगळुरूत झालेला आणि २०१९ मध्ये फुटलेला घोटाळा हजारो कुटुंबांची बचत घेऊन गेला. रीतसर वाट बंद असली की श्रद्धाळू माणूस आडवाटेला लागतो, आणि तिथे लुटारू टपून बसलेले असतात. या विषयावर आपल्याकडे मराठीत अजून फारसे लिहिले जात नाही, याची मला खंत वाटते.

जगभरात इस्लामी वित्तव्यवहाराचा पसारा आता तीन लाख कोटी डॉलरच्या पुढे गेला आहे. त्यातला फार मोठा भाग बँका आणि सुकूक रोख्यांचा. पण अलीकडचे जे काम मला सर्वांत आश्वासक वाटते ते पुन्हा इजिप्तच्या गरीब खेड्यांत झालेले आहे. महमूद अल-गमाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. गावकऱ्यांपुढे त्यांनी दोन पर्याय ठेवले. एक बांगलादेशच्या ग्रामीण बँकेच्या धर्तीचे गटकर्ज. दुसरी चक्क भिशी, म्हणजे दर महिन्याला सगळ्यांनी ठराविक रक्कम टाकायची आणि एकाने उचलायची. फक्त कुणी पैसे भरले नाहीत तर बँक ती तूट भरून देईल अशी हमी तिला जोडलेली. भिशीत व्याज येतच नाही, त्यामुळे हराम-हलालचा वाद उरत नाही, आणि ती कशी चालते हे बायाबापड्यांना समजावून सांगावे लागत नाही. लोकांनी भिशी जास्त पसंत केली आणि पैसेही जास्त नियमित भरले. इजिप्तमध्ये तिला 'गमइय्या' म्हणतात. मित घम्रच्या खातेदारांच्या घरीही ती तेव्हा चालू असणार.