फायबर टॅप होत नाही म्हणे!

सोसायटीच्या मीटिंगमध्ये इंटरनेटचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतो, "फायबर घ्या, त्यात प्रकाश असतो, टॅप होत नाही." म्हणजे केसासारख्या काचेच्या धाग्यातून येणारा डेटा मधेच कुणाला चोरून वाचता येत नाही, असा दावा. ऐकून ऐकून कान किटले.

बाकीचे फरक पटकन उरकतो. तांब्याची जोडी, म्हणजे जुन्या टेलिफोनच्या दोन तारा, सगळ्यांनी वापरलेली आहे. त्यावरचं ब्रॉडबँड तंत्र एडीएसएल-2+ कागदावर सेकंदाला 24 मेगाबिट देतं, तेही टेलिफोन एक्स्चेंज जवळ असेल तर. चार-पाच किलोमीटरवर सगळं रडतखडत. घरगुती फायबरचं तंत्र जीपॉन 20 किलोमीटरपर्यंत चालतं आणि एका धाग्यातून सेकंदाला जवळपास अडीच गिगाबिट खाली, म्हणजे घरांकडे, आणतं. पावसाळ्यात वीज कडाडली की तांब्यावरचा मोडेम जायचा. काचेतून ती येत नाही. उलट घरातली लाइट गेली की फायबरचा डबा (घरातला मोडेम) आंधळा होतो, जुन्या लँडलाइनला मात्र एक्स्चेंजमधूनच 48 व्होल्ट मिळायचे. फायबर मिळत असेल तर फायबरच घ्या, यात माझ्या मते वाद नाही. फक्त जाहिरातीत 'फायबर' लिहून गच्चीवरून लॅनची (कॉम्प्युटर जोडायची साधी) वायर सोडतात, त्यांच्या नादी लागू नका. ती वायर तांब्याचीच.

आता टॅपिंग. तांब्यातून वीज वाहते, तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते तारेला हात न लावता पकडता येतं. 1971 मध्ये अमेरिकेच्या हॅलिबट पाणबुडीने ओखोट्स्क समुद्राच्या तळाशी सोविएत नौदलाच्या केबलवर असंच यंत्र बसवलं, केबल न कापता. फोनवरचं बोलणं तर त्याहून सोपं: खांबावरच्या डब्यात लाइनमनच्या टेस्टर फोनच्या दोन क्लिपा लावल्या की झालं. एडीएसएलचा डेटा मात्र असा कानाने ऐकू येत नाही. दोन्ही टोकांचे मोडेम त्या विशिष्ट तारेशी जुळवून घेतलेले असतात, मधल्या माणसाला त्यातून अर्थ काढायला बरीच सामग्री लागते. "तांबं म्हणजे उघडं पुस्तक" हेही म्हणूनच अर्धवट.

काचेबाहेर चुंबकीय क्षेत्र येत नाही, इथवर मीटिंगवाले बरोबर. पण काच वाकवली की प्रकाश गळतो. लाइन चालू आहे का हे बघायला टेक्निशियन चिमट्यासारखं यंत्र वापरतात. आमच्या जिन्यात एकाने ते शेजाऱ्यांच्या पिवळ्या वायरीला लावलं, आत धागा जरासा वाकला, यंत्रावर प्रकाश कुठल्या दिशेने चाललाय त्याचा बाण उमटला. शेजाऱ्यांचं नेट चालूच होतं. त्या गळतीने प्रकाशाची ताकद डेसिबल-दीड डेसिबलने, म्हणजे थोडीशीच, कमी होते. कंपनी तिकडे लक्ष ठेवून असेल तर कळतं, नसेल तर नाही. 2013 मध्ये अमेरिकी गुप्तचर यंत्रणेची गुपितं फोडणाऱ्या एडवर्ड स्नोडेनच्या कागदपत्रांतून बाहेर आलं, की ब्रिटनची गुप्तचर संस्था जीसीएचक्यू समुद्राखालून येणाऱ्या फायबर केबलमधला डेटा सर्रास उचलत होती. तोही प्रकाशच होता.

आणि खरी गोम पुढेच आहे, जी फायबरवाले कधी सांगत नाहीत. तांब्याची जोडी एक्स्चेंजपर्यंत तुमची एकट्याची असते. जीपॉनचा धागा तुमचा एकट्याचा नसतो! स्प्लिटर एकाच धाग्यातला प्रकाश 32 किंवा 64 घरांत वाटतो, म्हणजे तुमच्याकडे येणारा डेटा शेजाऱ्यांच्या डब्यातही पोचतो. तो डबा फक्त आपल्या नावाचं उचलतो, बाकीचं सोडून देतो. यावर उपाय म्हणून जीपॉनच्या मानकात खाली येणाऱ्या डेटाला एईएस-128 नावाची कूटबद्धता, म्हणजे डेटाला लावलेलं कुलूप, दिली आहे, पण ती चालू ठेवायची की नाही हे कंपनीच्या हातात. आणि गंमत बघा, त्या कुलपाची किल्ली तुमचा डबा वरच्या दिशेने, कंपनीकडे, उघडीच पाठवतो, कारण वर जाणारा प्रकाश शेजाऱ्यांना दिसत नाही असं गृहीत धरलंय. चिमटा लावणाऱ्याला तो दिसतो.

थोडक्यात, फायबर टॅप करायला कष्ट जास्त लागतात, एवढंच म्हणता येतं. बँकेचा व्यवहार सुरक्षित राहतो तो एचटीटीपीएसमुळे, म्हणजे ब्राउझर आणि बँक यांच्यातल्या वेगळ्या कुलपामुळे. खाली काच आहे की तांबं, याच्याशी त्याचं देणंघेणं नाही. मीटिंगमध्ये विचारायचंच असेल तर स्प्लिटरच्या डब्याची किल्ली कुणाकडे असते ते विचारा. आमच्या जिन्यातल्या डब्याचं झाकण दिवाळीपासून रबरबँडने बांधलंय. रबरबँड मीच लावला.