मायएसक्यूएल वापरलं की आपला कोड उघडा करावा लागतो? नाही हो

हे वर्षानुवर्षं फिरतंय की मायएसक्यूएल हा डेटाबेस जीपीएलखाली (सॉफ्टवेअर दुसऱ्याला वाटलंत तर कोडही उघडा द्या, असं सांगणारं ओपन सोर्स लायसन्स) आहे म्हणून त्यावर धंद्याची साईट चालवली तर लायसन्स विकत घ्या नाहीतर सगळा कोड ओपन करा. असं काही नाहीये. जीपीएल व्हर्जन 2 ची अट लागते ती सॉफ्टवेअर दुसऱ्याला वाटताना. तुमच्या क्लाऊड मशीनवर डेटाबेस चालतोय, लोक ब्राउझरमधून साईट बघतायत, तर तुम्ही कोणाला मायएसक्यूएलची कॉपी दिलीच नाही, मग पैसे कमवा नाहीतर नका कमवू.

खरी गोम आहे ती प्रॉडक्ट गिऱ्हाईकाच्या मशीनवर टाकून देताना, त्यातही मायएसक्यूएलशी बोलणारी जीपीएलवाली क्लायंट लायब्ररी जोडलेली असेल तर, तिथे मात्र वकिलाला विचारा किंवा मायएसक्यूएलची मालक असलेल्या ओरॅकलचं कमर्शियल लायसन्स बघा. पीएचपीवाल्यांना तर 2009 च्या पीएचपी 5.3 पासून मायएसक्यूएलएनडी हा मायएसक्यूएलशी जोडणारा ड्रायव्हर आहे, तो पीएचपीच्याच लायसन्सखाली येतो, त्यामुळे ती लायब्ररी लागतच नाही.

आणि हो, मोंगोडीबी या दुसऱ्या डेटाबेसची 2018 ची एसएसपीएल लायसन्सची भानगड वेगळी, ती डेटाबेसच सर्व्हिस म्हणून विकणाऱ्यांसाठी आहे, ॲपमागे नुसता वापरणाऱ्यांसाठी नाही, उगाच दोन्हीची खिचडी करू नका.