भंगारवाल्याने परत केलेले पट्टे

दिवाळीच्या साफसफाईत कपाटाच्या तळातून निघालेले पट्टे मी एका पिशवीत भरले आणि भंगारवाल्याला दिले. त्याने पिशवी पालथी केली, चामड्याच्या जुन्या पट्ट्याचं पितळी बक्कल सुरीने कापून काढलं, तळहातावर झेलून वजन अजमावलं आणि उरलेला ढीग पायानेच माझ्याकडे सरकवला. त्यात आईचा कमरदुखीचा पट्टा होता, भाच्याच्या सँडल होत्या, मनगटी घड्याळाचा कापडी पट्टा होता आणि पापुद्रे सुटलेली एक स्लिंग पर्स. "ताई, ह्याला कोण विचारतंय? हे तुम्हीच ठेवा," एवढं बोलून तो पुढच्या दाराशी गेला.

परत आलेल्या ढिगातल्या प्रत्येक वस्तूला वेल्क्रो होतं. वेल्क्रो हे खरं तर एका कंपनीचं नाव. शिवणसामानाच्या दुकानात काही जण याच पट्टीला मॅजिक टेप म्हणतात. पण झेरॉक्सचं झालं तेच याचं झालंय, तेव्हा मीही वेल्क्रोच म्हणते.

आईच्या पट्ट्याची खरखरीत बाजू भिंगाखाली धरली. म्हाताऱ्या माणसाच्या काठीची मूठ असते तसे वाकडे आकडे ओळीने उभे होते. एका चौरस सेंटीमीटरमध्ये किती ते मोजायला बसले आणि चाळिशीच्या आसपास नाद सोडला, कारण आकड्यांपेक्षा त्यांत अडकलेला ऐवजच जास्त होता. गाऊनच्या सुताचा पिंजर, आईचे दोन पांढरे केस, माझ्या ओढणीचा हिरवा धागा. (ही ओढणी कुठे उसवली ते दोन वर्षांनी कळलं.) मऊ बाजूला बारीक तंतूंचे फास असतात. रोज जिथे पट्टा चिकटायचा तिथले फास तुटून नुसती लव उरली होती, कडेचे मात्र कोरे करकरीत होते.

"चिकटत नाही" म्हणून टाकलेल्या पट्ट्याची ही दोन वेगवेगळी दुखणी. आकडे तुंबतात, ते बरं होतं. फास तुटतात, ते बरं होत नाही. जुन्या टूथब्रशने आणि सुईने दहा मिनिटं कोरल्यावर पट्ट्याची पकड बरीचशी परत आली. भाच्याच्या सँडलचा फास मात्र पार संपला होता.

पकडीचंही एक गणित आहे. वेल्क्रोची पट्टी कोपऱ्यातून उचलली की एका वेळी आकड्यांची एकच ओळ सुटते, म्हणून ती लहान मुलाच्या हातानेही निघते. तीच पट्टी सपाट ठेवून लांबीच्या दिशेने ओढली तर सगळे आकडे एकदम ताण घेतात आणि ती हलत नाही. कमरेच्या पट्ट्यावर येणारा ताण असा दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे तिथे चार बोटं खरखरीत पट्टी पुरते. मऊ बाजू लांब हवी, कारण पोट सकाळी एक मापाचं असतं आणि जेवणानंतर दुसऱ्या. भोकांच्या पट्ट्याला ही सवलत नाही. ज्यांची बोटं संधिवाताने आखडली आहेत, त्यांना तर बक्कल लावणं हाच रोजचा व्यायाम होतो. बक्कलला निकेलचा मुलामा असेल तर काहींना बेंबीखाली लाल चट्टे उठतात, ते वेगळंच. म्हणून वेल्क्रोचा पट्टा मला मुळात शहाणी वस्तू वाटते. तक्रार आहे ती तो कसा बनवला जातो याबद्दल.

ही करामत मूळची रानातली. गौरी-गणपतीच्या पत्रीसाठी आघाडा तोडायला गेलेल्यांना माहीत असतं, की तुऱ्यावरची फळं साडीच्या निऱ्यांना अशी धरतात की घरी येऊन एकेक काढावी लागतात. शंकेश्वराची काटेरी बोंडं मेंढरांच्या लोकरीत बसून गावोगाव फिरतात. बी फुकटात लांब पोचवायची ही झाडांची जुनी सोय. स्वित्झर्लंडचे इंजिनियर जॉर्ज द मेस्त्राल १९४१ साली कुत्र्याला घेऊन फिरायला गेले, तेव्हा तिकडच्या बर्डॉक नावाच्या झुडपाची बोंडं त्यांच्या कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटली. त्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि त्यांना टोकाला वळलेले आकडे दिसले.

पुढची गोष्ट आपल्या विषयाला जास्त लागू आहे. फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या एका विणकराने मेस्त्राल यांना पहिल्या पट्ट्या विणून दिल्या, त्या सुती होत्या. त्या चिकटल्या, पण लवकर झिजल्या. मग मेस्त्राल नायलॉनकडे वळले. नायलॉनचा फास विणणं सोपं, आकडा करणं अवघड. नायलॉन तापवून दिलेला वाक थंड झाल्यावर कायम राहतो, हे त्यांनी हेरलं. आधी जाड तंतूचे फास विणायचे, उष्णतेने ते कडक करायचे आणि मग प्रत्येक फास एका बाजूने कापायचा, की झाला आकडा. हे यंत्रावर बसवायला वर्षं गेली. १९५५ मध्ये पेटंट मिळालं. मखमलीला फ्रेंचमध्ये ‘व्हेलूर’ आणि आकड्याला ‘क्रोशे’ म्हणतात, त्या दोहोंतून नाव जुळवलं. शोध नासाने लावला ही लोणकढी आहे. अंतराळवीरांनी ते भरपूर वापरलं, इतकंच.

सुतावरून नायलॉनवर आलेलं हे वळण पर्यावरणाच्या हिशोबात कळीचं आहे. बोंडाला जन्मात एकदाच चिकटायचं असतं. नंतर ते मातीत पडतं, बी रुजतं, टरफल कुजतं. आपण त्याच युक्तीकडून रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी चिकटण्याची अपेक्षा केली. जे हजारो वेळा उघडझाप सोसतं, ते मातीतल्या जिवाणूंनाही सहजी दाद देत नाही. सुती वेल्क्रो कुजलं असतं, पण वर्षात चारदा बदलावं लागलं असतं. तेव्हा नायलॉन निवडणं चूक नव्हतं. खटकतं ते हजारो वेळा उघडणारी पट्टी दोन पावसाळ्यांत मरणाऱ्या वस्तूवर शिवणं. डायपरच्या कानांना असतात ते साच्यातून काढलेले प्लास्टिकचे आकडे तर काही तासांत कचऱ्यात जातात.

माझी स्लिंग पर्स हे पहिल्या प्रकारचं उदाहरण. तिचं वेल्क्रो आजही चर्र करून सुटतं, पण वरचं ‘लेदर’ सापाच्या कातीसारखं सोलून निघालं. ते कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेलं रेक्झिन होतं. स्वस्त मालात वापरल्या जाणाऱ्या या थराची रासायनिक साखळी हवेतल्या बाष्पाने हळूहळू तुटते. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत कपाटात नुसतं ठेवलं तरी ते होतं, वापरायचीही गरज नाही. अशा मालाला हल्ली ‘व्हीगन लेदर’ म्हणतात. प्राण्याचं कातडं वाचलं हे खरं, पण बहुतेक वेळा त्या जागी आलेलं असतं ते प्लास्टिकच.

आता नायलॉनचं मूळ. वेल्क्रोत वापरल्या जाणाऱ्या नायलॉनची दोन मुख्य घराणी, नायलॉन ६ आणि नायलॉन ६,६. दोन्ही पेट्रोलियममधून येतात. नायलॉन ६,६ साठी ॲडिपिक आम्ल लागतं आणि ते बनवताना नायट्रस ऑक्साइड वायू सुटतो. शंभर वर्षांचा हिशोब धरला तर हा वायू वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता अडवतो, शिवाय ओझोनच्या थरालाही खातो. धुराड्यापर्यंत जाण्याआधीच तो नष्ट करायचं तंत्र आहे आणि अनेक कारखाने ते वापरतात. बाकी आईच्या पट्ट्यातलं नायलॉन जेमतेम काही ग्रॅम. तेवढ्यापायी पृथ्वी तापली म्हणणं म्हणजे राईचा पर्वत.

नायलॉन ६ ची गंमत अशी, की ते कॅप्रोलॅक्टम या एकाच रेणूच्या कड्या उघडून, एकमेकींत गुंफून बनतं. योग्य परिस्थितीत तापवलं तर साखळी सुटून पुन्हा कॅप्रोलॅक्टम मिळतं आणि त्यातून नव्यासारखं नायलॉन. अक्वाफिल ही इटालियन कंपनी २०११ पासून स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्लियाना इथल्या कारखान्यात मासेमारीची जुनी जाळी आणि गालिचे यांपासून असा धागा बनवते. मग आईचा पट्टा तिथे का चालणार नाही? कारण जाळं म्हणजे किलो-किलोंनी एकाच जातीचं नायलॉन. पट्ट्यात काय काय आहे ते पाहा: आकडे नायलॉनचे, पाठीचं कापड पॉलिएस्टरचं, वेल्क्रोच्या पाठीवर फास गळू नयेत म्हणून दिलेला गोंदाचा लेप, मध्ये स्पँडेक्सचं इलॅस्टिक, आत फोम, वर पॉलिएस्टरचा दोरा. नायलॉन आणि पॉलिएस्टर एकत्र वितळवले तरी नीट मिसळत नाहीत, ठिसूळ खिचडी होते. वेगळे करायला मजुरी इतकी लागते, की हाती येणाऱ्या मालाची किंमत तिच्यापुढे काहीच नाही. भंगारवाल्याने हे गणित कुठलंही रसायनशास्त्र न शिकता पाच सेकंदांत सोडवलं होतं.

गंमत म्हणजे वेल्क्रो फक्त वेल्क्रोपासून सहज सुटतं. बाकी ज्याला जोडलंय त्याच्यापासून नाही.

आपल्याकडची बाराबंदी आठवते. अंगरखा सुती, बांधायचे बंदही त्याच सुताचे. फाटली की पायपुसणं, मग पोतेरं, मग माती. आज बाराबंदी घाला असं मी म्हणणार नाही, माझीच तयारी नाही. पण तिचं एक तत्त्व पट्टा बनवणाऱ्याला अजूनही उचलता येईल, ते म्हणजे सगळे भाग एका जातीचे ठेवणं. पॉलिएस्टरच्या नाडपट्टीवर पॉलिएस्टरचंच वेल्क्रो, पॉलिएस्टरच्याच दोऱ्याने शिवलेलं. बाजारात शुद्ध नायलॉनची, शुद्ध पॉलिएस्टरची आणि मिश्र अशी तिन्ही प्रकारची पट्टी मिळते. त्यामुळे अडचण तंत्राची नाही.

दुसरा मार्ग एरंडाचा. एरंडेल तेलातल्या रिसिनोलिक आम्लातून नायलॉन ११ बनतं. जगातलं बहुतांश एरंडबी भारतात पिकतं आणि त्यातलं बरंचसं गुजरातेत. ओसाड गावी एरंड बळी म्हणतात, इथे तो खरंच बळी ठरलाय, कारण हे नायलॉन पाणी कमी शोषतं आणि दणकट असतं. मात्र लेबलवर ‘वनस्पतिजन्य’ वाचून ते मातीत कुजेल असं समजू नका. कच्चा माल शेतातून आला म्हणून रेणूचा स्वभाव बदलत नाही. नायलॉन ११ सुद्धा नायलॉनच, खड्ड्यात पुरलं तर तसंच राहील.

आणि जाळायचं तर मुळीच नाही. नायलॉनमध्ये नायट्रोजन असतो. शेकोटीत टाकलेल्या पट्ट्यातून हायड्रोजन सायनाइडसारखा विषारी वायूही निघतो.

ढीग पुन्हा पिशवीत भरून मी चौकात चपला-बॅगा शिवणाऱ्या मामांकडे गेले. त्यांनी भाच्याच्या सँडल उलट्यासुलट्या केल्या आणि बाजूला ठेवल्या. पट्टी सोलमध्येच चिकटवून दाबलेली, पात्याला शिरायला जागा नव्हती. आईचा पट्टा बघून मात्र त्यांचा चेहरा खुलला. "हा शिवलेला आहे. मऊ बाजू मधेच गेलीय, कडेला चांगली आहे. काटेरी तुकडा दोन बोटं सरकवून लावतो, म्हणजे कोऱ्या जागेवर बसेल. नवा घालायची गरज नाही."

त्यांनी रापीच्या टोकाने दोरा उसवला, तुकडा सुटा केला, फुंकर मारून केर उडवला आणि आरीने पुन्हा शिवला. पर्सचं काय, असं विचारलं तर म्हणाले, रेक्झिन गेलंय, तिला काही करता येणार नाही. पण फेकण्याआधी तिचं वेल्क्रो कापून घेतलं आणि पत्र्याच्या डब्यात टाकलं. डबा अशाच तुकड्यांनी अर्धा भरलेला होता, काळे, निळे, एक गुलाबी. सँडलच्या मापाचा गुलाबी नको असेल तर संध्याकाळी या, म्हणाले, तोवर काळा शोधून ठेवतो आणि सोलवर वरून शिवून बघतो.