बायोडिझाइन शिक्षण

बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या मुलांना नवीन वैद्यकीय उपकरण कसं सुचतं आणि ते कंपनी काढून पेशंटपर्यंत कसं न्यायचं, हे शिकवायची पद्धत. नाव रूढ झालं ते अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या प्रोग्राममुळे, जो पॉल यॉक आणि जॉश मॅकॉवर यांनी २००१ च्या सुमारास सुरू केला.

उगम : याबद्दल एकमत नाही. एक मत असं की सुरुवात स्टॅनफर्डलाच झाली, कारण यॉक स्वतः हृदयरोगतज्ज्ञ, अँजिओप्लास्टीचा बलून पटकन बदलता येईल असा कॅथेटर (रक्तवाहिनीत घालायची बारीक नळी) त्यांनी शोधलेला, आणि पुढे त्याच भागात काम केलेल्या टॉमस फोगर्टी या सर्जननी त्यांच्या आधी १९६० च्या दशकात रक्ताची गुठळी ओढून काढणारा बलून कॅथेटर केला होता, म्हणजे डॉक्टरनेच उपकरण शोधायची परंपरा तिथे मुरलेली होती. दुसरं मत असं की अमेरिकन इंजिनिअरिंगमध्ये शेवटच्या वर्षाचा डिझाइन प्रोजेक्ट त्याच्या कितीतरी आधीपासून आहे आणि विस्कॉन्सिन-मॅडिसनसारख्या विद्यापीठात तर बायोमेडिकलची मुलं जवळपास प्रत्येक सेमिस्टरला खऱ्या क्लायंटसाठी काहीतरी बनवतात, तर वेगळं काय झालं? व्हिटाकर फाउंडेशन या अमेरिकन खासगी संस्थेने १९७६ ते २००६ या काळात बायोमेडिकल विभागांना जो पैसा दिला, त्याचाही वाटा मोठा आहे. तरी पहिलं मत जास्त पटतं, कारण प्रोजेक्टमध्ये प्रॉब्लेम सर किंवा डॉक्टर हातात देतात, बायोडिझाइनमध्ये प्रॉब्लेम शोधणं हाच अभ्यासक्रम असतो.

पद्धत : गरज ओळखा, उपाय शोधा, प्रत्यक्षात आणा असे तीन टप्पे. इंजिनिअर, डॉक्टर, कधी बिझनेसवाला अशी छोटी टीम वॉर्डात, ओटीत, ओपीडीत नुसती बघत उभी राहते, शेकडो गरजा वहीत टिपते आणि मग किती पेशंट, किती खर्च, आधीचे उपाय काय हे तपासत एकदोनवर येते. सगळ्यात अवघड काम एका वाक्यात गरज लिहिणं. ‘सलाईन संपलं की वाजणारा सेन्सर हवा’ ही गरज नाही, हा उपाय झाला. ‘नर्स कमी असलेल्या वॉर्डात सलाईन संपल्याचं वेळेत कळायचा मार्ग, म्हणजे नळीत रक्त उलटं चढणार नाही’ ही गरज. उपाय वाक्यात शिरला की बाकीचे सगळे रस्ते तिथेच बंद होतात, आणि मुलं नेमकी इथेच अडकतात, कारण चार वर्षं त्यांना सर्किट जोडायलाच शिकवलेलं असतं.

उदाहरणं : स्टॅनफर्डच्या प्रोग्रामचे फेलो उदय कुमार यांनी २००६ मध्ये आयरिदम कंपनी काढली. होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचं ठोके नोंदवणारं यंत्र, साधारण एकदोन दिवस लावतात, त्यांचा छातीवर चिकटवायचा पॅच १४ दिवसांपर्यंत ठोके नोंदवतो. स्टॅनफर्डच्याच दुसऱ्या एका कोर्समध्ये २००७ मध्ये मुलांना स्वस्त इनक्युबेटर करायला सांगितलं होतं, पण नेपाळमध्ये त्यांना दिसलं की हॉस्पिटलात इनक्युबेटर रिकामे पडलेत आणि बाळं गावात घरी जन्मतात, म्हणून मेणासारख्या पदार्थाच्या पिशवीने ऊब धरणारं एम्ब्रेस हे दुपटं तयार झालं.

भारतात : एम्स आणि आयआयटी दिल्ली यांच्यासोबत स्टॅनफर्ड-इंडिया बायोडिझाइन २००७-०८ च्या सुमारास सुरू झालं, पैसा केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा. महाराष्ट्रात पवईच्या आयआयटीत प्रा. बी. रवी यांनी २०१४ मध्ये बेटिक हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र सुरू केलं, राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने, आणि पुण्याचं सीओईपी व नागपूरचं व्हीएनआयटी त्याला जोडलं. त्यांच्या मेडिक शिबिरांत डॉक्टर, इंजिनिअर आणि डिझायनर एकत्र बसून प्रोटोटाइप करतात. आयू डिव्हायसेसचा डिजिटल स्टेथोस्कोप इथूनच आला.

धंद्याची बाजू : बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान उद्योगाला मदत करणाऱ्या संस्थेच्या बिग योजनेत ५० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या भारतातल्या वैद्यकीय उपकरणांच्या नियमांत धोक्यानुसार उपकरणांचे ए ते डी असे वर्ग आहेत, आणि वर्ग आधी कळला तरच टेस्टिंगचा खर्च मांडता येतो. पेटंटबद्दल दोन गोष्टी पहिल्याच आठवड्यात शिकवायला हव्यात : भारतात उपकरणाला पेटंट मिळतं, उपचारपद्धतीला नाही, आणि अर्ज करायच्या आधी कॉलेजच्या प्रदर्शनात पोस्टर लावलं तर पेटंटला लागणारं नावीन्यच धोक्यात येतं.