अ‍ॅग्रिकल्चरल इकॉनॉमिक्स म्हणजे शेती शिकणं?

फॉरवर्ड फिरत असतो की अ‍ॅग्री इकॉनॉमिक्स म्हणजे नांगरणी-पेरणीची डिग्री, गणित कच्चं असलेल्यांसाठी. नावात शेती आहे म्हटल्यावर तसं वाटणारच म्हणा.

पण खरं तर हे अर्थशास्त्रच आहे, फक्त शेतीला लावलेलं. समजा 100 पोती पिकली आणि भाव 20, तर हातात 2000. पुढच्या वर्षी 110 पिकली, भाव 15 वर आला, की 1650च, म्हणजे पीक वाढलं आणि पैसा घटला, कारण भाव पडला म्हणून माणूस दुप्पट जेवत नाही ना! मागणीची ही लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते ते, मोजायची तर स्टॅटिस्टिक्स, इकॉनोमेट्रिक्स (आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजणं) लागतंच.

खात्री करायचीय? कुठल्याही मोठ्या सरकारी विद्यापीठाचा सिलॅबस उघडा आणि विषयांची नावं वाचा, मायक्रोइकॉनॉमिक्सपासूनच (ग्राहक, उत्पादक, बाजार कसे वागतात त्याचा अभ्यास) सुरुवात दिसेल बहुतेक.