नर्मदेच्या पुस्तकांचा घाट कुठून आला

नर्मदा महाराष्ट्राला जेमतेम ५४ किलोमीटर लागून वाहते, तीही नंदुरबारच्या अक्राणी-अक्कलकुव्याकडच्या डोंगरांत. तरी मराठी घरात नदीवरचं पुस्तक म्हणून हाताला लागतं ते बहुधा नर्मदेचंच. याचं मूळ परिक्रमेत, म्हणजे नदीला घातलेल्या पायी प्रदक्षिणेत आहे. परिक्रमेच्या नियमांनीच या पुस्तकांचा घाट, म्हणजे त्यांची रचनाही ठरवली.

मैया, म्हणजे नर्मदा, कायम उजव्या हाताला ठेवायची. तिचं पात्र ओलांडायचं नाही. उपनद्या ओलांडलेल्या चालतात. ओंकारेश्वरहून उचललेली परिक्रमा दक्षिण तटाने पश्चिमेला समुद्राकडे जाते. विमलेश्वरहून भरती साधून नाव सुटते आणि पात्र न ओलांडता नदीच्या मुखाला समुद्रातून वळसा घालून उत्तर तटावर मिठी तलाईला लागते. भरती चुकली की नाव चिखलात बसते, म्हणून तिथे मुक्काम लांबतो. पुढे उत्तर तटाने अमरकंटक, उगमाला वळसा, आणि दक्षिण तटाने पुन्हा ओंकारेश्वर. नदी १३१२ किलोमीटर लांब, म्हणजे दोन्ही तट मिळून २६०० च्या वर चाल. परंपरेने मुदत ३ वर्षं ३ महिने १३ दिवसांची, कारण चातुर्मासात एका जागी थांबायचं असतं. त्या दिवसांत उपनद्या चढलेल्या असतात आणि काळ्या मातीत पाऊल उचलत नाही.

ओंकारेश्वराचं मंदिर मांधाता बेटावर, ऐन पात्रात आहे. त्यामुळे परिक्रमा उचलताना कळस समोर दिसतो, पण ती पुरी होईपर्यंत तिथे जाता येत नाही. झोळीतल्या छोट्या कुपीतलं नर्मदाजल शेवटी त्याच मंदिरातल्या पिंडीवर वाहायचं. लेखकाला याहून चांगली सुरुवात आणि शेवट मिळणं कठीण.

मधला भाग सदाव्रतावर चालतो. आश्रमातून किंवा गावातून पीठ, डाळ, मीठ, मिरची असा कच्चा शिधा मिळतो. तीन दगडांची चूल मांडून टिक्कड, म्हणजे जाड रोट, भाजायचे. रोज नवं गाव, नवा दाता. म्हणून या पुस्तकांत एकसंध कथानक कमी आणि माणसांची माळ जास्त असते. हा त्यांचा दोष नव्हे, चालण्याचीच ती लय आहे.

ही लय जुनी आहे. स्कंदपुराणाच्या रेवाखंडात मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला काठावरची तीर्थं एकामागून एक सांगतात, प्रत्येकाची कथा जोडून. मराठी भाविकांना या काठाकडे ओढणारं आणखी एक ठिकाण म्हणजे गरुडेश्वर. माणगावचे वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबे स्वामी, १९१४ मध्ये तिथे समाधिस्थ झाले. पुढे गो. नी. दांडेकरांनी परिक्रमेचा अनुभव ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’मध्ये कादंबरी म्हणून आणला. जगन्नाथ कुंट्यांच्या ‘नर्मदे हर हर’ने तो घरोघरी नेला.

शूलपाणीची झाडी हे या लेखनातलं ठरलेलं प्रकरण. सातपुड्यातल्या या जंगलात भिल्ल ‘मामा’ यात्रेकरूला लंगोटीपर्यंत लुटत, आणि पुस्तकात हा प्रसंग वैराग्याची परीक्षा म्हणून येई. लुटणाऱ्यांची उपासमार आणि हिसकावलेलं जंगल मात्र फार थोड्या पानांवर दिसतं. सरदार सरोवर धरणाने याच लोकांची गावं पाण्याखाली घेतली. महाराष्ट्रातली ३३ गावं त्यात आली.

धरणांनी पुस्तकंही जुनी केली. परिक्रमेवर पुस्तकं लिहिणारे जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड १९७७ मध्ये जबलपूरहून मंडल्याकडे निघाले. तो काठ बऱ्याच अंशी आता बरगी धरणाच्या जलाशयाखाली आहे. सरदार सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर, आणि फुगवटा सुमारे २०० किलोमीटर मागे जातो. त्या टप्प्यात काठाने चालताच येत नाही, डोंगरातून आत वळावं लागतं. उत्तर तटावर मुख्य कालवा आडवा येतो, आणि मैयाचंच पाणी वाहणारा कालवा ओलांडला तर नियम मोडतो का, हा नवा प्रश्न उभा राहतो.

म्हणून जुनं पुस्तक हातात घेऊन निघणाऱ्याने त्यातली अंतरं आणि मुक्काम धरून चालू नये. शूलपाणेश्वराचं मूळ मंदिर बुडालं आहे. आज दर्शन होतं ते गोरा गावी नव्याने बांधलेल्या मंदिराचं.